डावीकडचा दुसरा खण

ओट्टोकार वेसेली ज्या पत्राची अकरा वर्षं वाट पाहत होते, ते ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी आलं. व्हिएन्नाच्या कडेला टेकडीच्या उतारावर छोट्या छोट्या बागा भाड्याने देणारा एक संघ आहे. त्या संघाने कळवलं होतं की प्रतीक्षायादीत आपला नंबर लागला आहे, तरी येत्या एकतीस तारखेच्या आत मूळ नोंदणीचिठ्ठी घेऊन समक्ष हजर राहावं. 'मूळ' या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

वेसेलींनी पाणीपुरवठा खात्यात गळती-निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना 'निरीक्षकसाहेब' म्हणे, आणि कुणी चुकून नुसतं 'वेसेली' म्हटलं तर त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे. अशा माणसाला रेघेचा अर्थ सांगावा लागत नाही. चिठ्ठी कुठे आहे हेही त्यांना आठवावं लागलं नाही. महत्त्वाचे कागद फायलीत ठेवावेत, पण अतिमहत्त्वाचे कागद फायलीत कधीच ठेवू नयेत, कारण चोर आधी फायलीच बघतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणून ती चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या हिरव्या कपाटात होती. डावीकडचा दुसरा खण, तळाला अंथरलेल्या कागदाच्या खाली.

ते स्वयंपाकघरात गेले. तिथे एक पांढरंशुभ्र कपाट उभं होतं. त्याला कड्यासुद्धा नव्हत्या.

"हर्मीना," ते बायकोला म्हणाले. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता. "आपलं हिरवं कपाट कुठे गेलं?"

"ते मार्चमध्ये गेलं."

"मार्चमध्ये?"

"हो. आता ऑक्टोबर आहे, ओट्टो." हर्मीना बटाटे सोलत होती. "मी वाटच बघत होते. म्हटलं, कधीतरी विचारेल."

"नेलं कुणी?"

"एक दाढीवाला मुलगा आला होता. जुनं कपाट फुकट, अशी चिठ्ठी लावली होती मी खाली दारावर. बिचाऱ्याने चार मजले उतरवलं. मी कॉफी दिली."

"नाव काय त्याचं?"

"सेवेरिन."

"आडनाव?"

"कॉफी देताना कुणी आडनाव विचारतं का?"

खरं म्हणजे इथेच वेसेलींनी पत्र पुढे केलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तशी सोय नव्हती. गेल्याच हिवाळ्यात हर्मीनाच्या हातून विजेचं एक बिल हरवलं होतं, तेव्हा त्यांनी कागद सांभाळण्याच्या शास्त्रावर तिला पाऊण तास ऐकवलं होतं. शेवटी 'बागेची चिठ्ठी बघ, बँकेच्या तिजोरीत आहे!' असंही वाक्य होतं. असं वाक्य बोलून गेलेल्या माणसाला नंतर फार जपून चालावं लागतं. त्यांनी पत्र कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं आणि ते तिसऱ्या मजल्यावर नेक्वासिलांकडे गेले.

नेक्वासिल हे एका वकिलाच्या कचेरीत तीस वर्षं दारावर बसत. दार बंद असलं तरी आतलं ऐकू येई. त्या जोरावर ते इमारतीला कायद्याचा सल्ला देत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "निरीक्षकसाहेब, कपाट दिलं तेव्हा खण दिला का, हा पहिला प्रश्न. खण दिला तेव्हा आतला कागद दिला का, हा दुसरा."

"आणि उत्तर?"

"उत्तर वकीलसाहेब देत. मी दार उघडत असे."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या प्राडलबाई आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना बोलवावं कधीच लागत नसे. "हिरवं कपाट ना? बिजागरीपाशी करपलेलं?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत पत्रक काढलं. त्यावर एका भल्या मोठ्या पांढऱ्या दालनाचा फोटो होता. त्या दालनाच्या मधोमध, प्रकाशाच्या झोतात, वेसेलींचं स्वयंपाकघरातलं कपाट उभं होतं.

"हे कुठलं?"

"आधुनिक कलेचं संग्रहालय, निरीक्षकसाहेब. आत्ता सप्टेंबरपासून आहे तिथे."

"तुम्हाला हे पत्रक कुठे मिळालं?"

"मिळालं असंच," प्राडलबाई म्हणाल्या आणि एकाएकी त्यांना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

वेसेली फोटोकडे बघत राहिले. कपाट त्यांचंच होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात चौऱ्याण्णव सालच्या प्लमच्या मुरंब्याच्या भगुण्याचा काळा डाग होता. पण ते तिथे का होतं? त्याला कुणी, कशासाठी उजेड लावला होता?

"त्यात गुंतू नका," नेक्वासिल म्हणाले. "मालकीचा विषयच काढायचा नाही. तिकीट घ्यायचं, आत जायचं, खण उघडायचा, चिठ्ठी काढायची, बाहेर यायचं. दहा मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी पायाच्या डॉक्टरकडे जातो असं हर्मीनाला सांगून वेसेली निघाले.

तिकिटाच्या खिडकीत एक हसतमुख मुलगी होती. तिने विचारलं, "माहिती ऐकायचं यंत्र देऊ का?"

"नको. मला फक्त एक खण उघडायचाय."

"अय्या, किती छान!" ती म्हणाली. तिने ते नेमकं कसं घेतलं हे वेसेलींना आजतागायत समजलेलं नाही.

आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ते हरवले. एका खोलीत अंधार होता आणि कुणीतरी अंधारात श्वास घेत होतं. दुसऱ्या खोलीत काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यासमोर दोन माणसं हनुवटीला हात लावून उभी होती. वेसेलीही शिष्टाचार म्हणून मिनिटभर उभे राहिले. तिसऱ्या खोलीत मात्र त्यांना हायसं वाटलं. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती, नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र होतं, समोर लाल आकड्यांचा फलक होता आणि एक बंद खिडकी होती. म्हणजे कचेरी होती! त्यांनी शहात्तर नंबर घेतला. फलकावर एकसष्ट होता. ते बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा जीव भांड्यात पडला.

वीस मिनिटं गेली. लोक येत, नंबर घेत, हसत आणि निघून जात. अशा उतावळ्या लोकांची कामं कधीच होत नाहीत, हे वेसेलींनी खात्यात असताना पुष्कळ पाहिलं होतं. मग त्यांचं फलकाकडे लक्ष गेलं. त्यावर बावन्न होता.

दारापाशी निळ्या गणवेशातल्या एक जाडजूड बाई उभ्या होत्या. छातीवर स्तोयकोविच असं नाव होतं.

"बाई, हे आकडे उलटे चाललेत."

"हो साहेब."

"मग माझा नंबर कधी येणार?"

"तो कुणाचाच येत नाही साहेब. कलाकृती आहे ती. बेल्जियमच्या एका बाईंची."

"मग कचेरी कुठे आहे?"

"कचेरी वर आहे. पण तिथे नंबर नसतात, आधी वेळ घ्यावी लागते." बाईंनी त्यांच्याकडे जरा मायेने पाहिलं. "तुम्ही पहिलेच नाही हो साहेब. गेल्या महिन्यात आयकर खात्यातले एक गृहस्थ बंद होईपर्यंत बसले होते."

शेवटी कपाट सापडलं. पांढऱ्या दालनात ते एकटं उभं होतं. भोवती जमिनीवर करड्या रंगाची रेघ होती, आणि रेघेच्या बाहेर आठ-दहा माणसांचा घोळका एका सडपातळ मार्गदर्शकाचं बोलणं ऐकत होता.

"हा जळका डाग बघा," तो सांगत होता. "इथे वस्तू आपली जखम लपवत नाही. ही एका घराने गिळलेल्या रागाची खूण आहे."

"मुरंबा आहे तो," वेसेली म्हणाले.

घोळका वळला.

"प्लमचा. भगुणं खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून फळीवर ठेवलं. राग वगैरे काही नव्हता. म्हणजे नंतर थोडा झाला."

एका बाईंनी हे वहीत उतरवून घेतलं. मार्गदर्शक ओठ मुडपून म्हणाला, "हेही एक वाचन आहे." वेसेलींनी तर काहीच वाचलं नव्हतं. ते गोंधळले, पण ही संधी होती. लोक डागाकडे बघत असताना ते शांतपणे रेघ ओलांडून गेले आणि त्यांनी डावीकडच्या दुसऱ्या खणाच्या कडीला हात लावला.

मग जो आवाज झाला, तसा त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा. स्तोयकोविचबाई पळत आल्या. "साहेब, रेघेच्या मागे! रेघेच्या मागे व्हा!"

चौतीस वर्षं हे वाक्य वेसेलींनी इतरांना ऐकवलं होतं. फुटलेल्या वाहिन्यांपाशी, चिखलात उभं राहून, शिट्टी तोंडात धरून. ते आपल्याला ऐकावं लागेल आणि तेही आपल्याच कपाटापाशी, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता ते बाहेर पडले.

नेक्वासिलांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चूक पोशाखाची झाली. कोट-टोपीतला माणूस म्हणजे प्रेक्षक. त्याला सगळे अडवतात. करडा डगला घातलेल्या माणसाला या शहरात कुणी अडवल्याचं ऐकलंय तुम्ही?"

वेसेलींनी ऐकलं नव्हतं. खात्याचा करडा डगला अजून माळ्यावर होता. त्याच्या खिशात पाना होता, दोन-तीन वॉशर होते आणि कागदात गुंडाळलेला एक जुना पेपरमिंट होता. शुक्रवारी ते पुन्हा 'पायाच्या डॉक्टरकडे' निघाले तेव्हा हर्मीनाने दारातून विचारलं, "डॉक्टरकडे डगला कशाला?" ते म्हणाले, "गार आहे." बाहेर ऊन होतं.

नेक्वासिलांचं म्हणणं खरं ठरलं. मागच्या दाराशी एका माणसाने त्यांना पाहताच म्हटलं, "आलात का एकदाचे!" आणि हातात शिडी दिली. वेसेली शिडी घेऊन तीन दालनं पार करून गेले. कुणी हूं की चूं केलं नाही. कपाटाचं दालन आता एका खोलीच्या पलीकडे होतं.

पण त्या एका खोलीत नळ होता.

भिंतीतून आलेला साधा पितळी नळ, खाली जस्ताची बादली. नळ गळत होता. एक थेंब, मग सात सेकंद, मग पुन्हा थेंब. समोरच्या बाकावर दोन माणसं डोळे मिटून बसली होती, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. वेसेलींनी पुढे जायचा प्रामाणिक प्रयत्न केला. दारापर्यंत गेलेही. पण सात सेकंदाला थेंब म्हणजे वर्षाला सव्वादोनशे लिटर पाणी, हा हिशेब डोक्यात आपोआप झाला आणि पाय थांबले. खात्याचा डगला अंगावर असताना गळता नळ ओलांडून जाणारा माणूस कसला निरीक्षक? त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, पाना काढला, वॉशर बदलला, फडक्याने नळ पुसला. चार मिनिटांत खोलीत शांतता पसरली.

बाकावरच्या एका बाईंनी डोळे उघडले. "थांबला?"

"थांबला," वेसेली अभिमानाने म्हणाले.

"आता आम्ही काय ऐकायचं?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

या वेळी कचेरी शोधावी लागली नाही. स्तोयकोविचबाईंनीच दंडाला धरून वर नेलं. टेबलामागे डॉक्टर होलेनश्टाईन नावाच्या बाई होत्या. संग्रहातल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तो नळ सतरा वर्षं गळत होता," त्या सावकाश म्हणाल्या. "डेन्मार्कहून आलाय तो. त्याचा विमा आहे."

"सतरा वर्षांत कुणी तक्रार केली नाही?"

"साहेब, तुम्ही आहात तरी कोण?"

मग वेसेलींनी सगळं सांगितलं. पत्र दाखवलं. खण सांगितला. डॉक्टरबाईंनी संगणकात पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. घटक सात-ड. कागद, शिक्क्यासह. अर्थ अज्ञात."

"अज्ञात कसा? मी सांगतो ना अर्थ."

"कलाकाराने अज्ञात लिहिलाय. बदलायचा तर कलाकाराची संमती हवी. आणि कागद तुमचा आहे याचा पुरावा."

"पुरावा म्हणजे तीच चिठ्ठी. तिच्यावर माझं नाव आहे."

"ती मी पुरावा म्हणून पाहू शकत नाही, कारण ती खणात आहे. खण पुराव्याशिवाय उघडता येत नाही."

या बोलण्याची वेसेलींना चांगलीच सवय होती. स्वतः कितीतरी लोकांना त्यांनी असंच परत पाठवलं होतं. पण टेबलाच्या या बाजूला बसून त्याचं काहीच समजेना. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी कुणी आहे का तुमच्या?" तेव्हा त्यांनी मुकाट्याने घरचा नंबर दिला.

अर्ध्या तासाने हर्मीना आली. वेसेली उठून काहीतरी समजावून सांगणार, तोच दारातल्या स्तोयकोविचबाईंनी तिला मिठी मारली. "हर्मीनाताई! किती दिवसांनी!" डॉक्टर होलेनश्टाईन टेबलामागून उठल्या आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "बाई, तुम्ही? उद्घाटनाला तुम्ही आणलेला तो केक आम्ही अजून विसरलो नाही."

"कसलं उद्घाटन?" वेसेलींनी विचारलं.

"कपाटाचं," हर्मीना म्हणाली. "प्राडलबाई आणि मी आलो होतो. तू त्या दिवशी पायाच्या डॉक्टरकडे होतास. खरोखरच्या." मग तिने त्यांच्या डगल्याकडे, पान्याकडे आणि टेबलावरच्या पत्राकडे एकदा पाहिलं. पत्र वाचलं. "म्हणजे चिठ्ठी बँकेत नव्हती?"

"तिजोरीत जागा कमी होती."

"खणात होती? कागदाखाली?"

वेसेलींनी मान डोलावली.

"तो कागद दर दोन वर्षांनी मी बदलायचे, ओट्टो. ती चिठ्ठी उचलायचे आणि नव्या कागदाखाली परत ठेवायचे. पण बागेची चिठ्ठी बँकेत आहे म्हणालास, म्हणून मला वाटलं ही जुनी, बिनकामाची असेल." ती जराही रागावली नाही, त्यामुळे वेसेलींना जास्तच लागलं. तिने फोन काढला. "सेवेरिन, बाळा, हातातलं ठेव आणि ये जरा इकडे. माझ्या नवऱ्याने नळ दुरुस्त केलाय."

सेवेरिन आला. दाढी होती, बाकी अगदीच साधा मुलगा. त्याने वेसेलींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "काका, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." काय ऐकलंय ते त्याने सांगितलं नाही. कपाटाचा कलाकार तोच होता. संमती द्यायला तो एका पायावर तयार होता, आणि पुरावा म्हणून हर्मीनाचा शब्द चालला. पण डॉक्टर होलेनश्टाईननी एक अट घातली. आधी नळ पहिल्यासारखा गळला पाहिजे.

त्या दुपारी वेसेलींनी जे केलं त्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत. चौतीस वर्षं गळती थांबवणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने नवा वॉशर कानशीने घासला. पहिल्यांदा थेंब चार सेकंदांनी पडू लागला. मग अकरा. डेन्मार्कचे कलाकार फोनवर कान लावून ऐकत होते आणि डॉक्टरबाई त्यांचं म्हणणं सांगत होत्या.

"ते म्हणतात, सात सेकंद झालेत, पण थेंब आनंदी वाटतोय."

"आनंदी म्हणजे?"

"त्यांचा थेंब खचलेला असे."

वेसेलींनी पाना खाली ठेवला. त्यांना वॉशर समजत होता, दाब समजत होता, नळाचा आटा समजत होता. खचलेला थेंब म्हणजे काय हे विचारायला खात्यातलं कुणी जिवंतसुद्धा नव्हतं. शेवटी हर्मीना पुढे आली आणि म्हणाली, "बादलीत पाणी भरलंय जास्त. म्हणून टणटणीत वाजतंय. अर्धी ओत." त्यांनी ओतली. थेंब पडला. फोनमधून कुणीतरी दीर्घ उसासा सोडला. बाकावरच्या बाईंनी डोळे मिटले.

सोमवारी खण उघडला. पांढरे हातमोजे घातलेला श्टाड्लर नावाचा एक गंभीर तरुण अधिकारी, डॉक्टरबाई, सेवेरिन आणि फोटोग्राफर असे चौघे जण हजर होते. चिठ्ठी निघाली. पण ती वेसेलींच्या हातात मिळाली नाही. ती त्यांना 'एका दिवसासाठी उसनी' देण्यात आली. त्यासाठी सहा पानांचा करार झाला आणि चिठ्ठी मखमलीच्या पेटीत ठेवून श्टाड्लर स्वतः सोबत निघाला. ट्राममध्ये त्याने पेटी मांडीवर घेतली आणि वेसेलींना शेजारी बसू दिलं नाही, कारण करारात अंतर लिहिलेलं होतं.

बागसंघाच्या कचेरीत ट्रायबर नावाचे कारकून होते. त्यांनी डोकं वर न काढता हात पुढे केला. "चिठ्ठी."

श्टाड्लरने पेटी उघडली. "कृपया हातमोजे..."

ट्रायबरनी चिठ्ठी उचलली, उजेडात धरली, तारीख पाहिली, आणि धाडकन शिक्का मारला. श्टाड्लरच्या तोंडून आवाज फुटेना. तो फुटेपर्यंत ट्रायबरनी चिठ्ठी पंचमध्ये घातली होती आणि दोन गोल भोकं पाडून फायलीला लावलीही होती.

"काय केलंत हे!" श्टाड्लर ओरडला. "ती कलाकृती होती!"

"नोंदणीचिठ्ठी आहे ही," ट्रायबर म्हणाले. "आणि मूळ चिठ्ठी दफ्तरात राहते. नियम बारा."

"ती उसनी आहे! उद्या परत न्यायची आहे!"

"मग अर्ज करा. प्रतीक्षायादी आहे."

श्टाड्लर करार वाचू लागला, ट्रायबर नियम वाचू लागले. दोघांचंही बोलणं वेसेलींना तंतोतंत बरोबर वाटत होतं, आणि म्हणूनच त्यांचं डोकं गरगरू लागलं. फोनवर सेवेरिनला विचारलं, तर तो खूश झाला. म्हणाला, खणात आता चिठ्ठी नाही हे फारच उत्तम झालं, उद्याच पाटीवर तसं लिहू. श्टाड्लर दोन गोल कागदी टिकल्या पंचमधून काढून पेटीत ठेवताना हळूच डोळे पुसत होता.

"साहेब," वेसेलींनी दबकत विचारलं, "मला बाग मिळाली का?"

"भूखंड अठ्ठावन्न," ट्रायबर म्हणाले आणि किल्ली सरकवली. "पुढचा कोण?"

बाहेर आल्यावर वेसेली बराच वेळ किल्ली हातात धरून उभे राहिले. अकरा वर्षांचं काम झालं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण त्यांच्या मनात भलतंच घोळत होतं. घरी गेल्यावर त्यांनी ते विचारलं.

"हर्मीना, उद्घाटनाला गेलीस, ते मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस, 'ह्याचा उपयोग काय?'"

ते खरंच होतं. त्यांनी तेच विचारलं असतं.

"मलाही त्यातलं काही कळत नाही, ओट्टो," ती म्हणाली. "पण त्या दिवशी चाळीस माणसं तासभर उभी राहून त्या कपाटाकडे बघत होती. इतकी वर्षं मी ते पुसलं. त्याच्याकडे असं कधी कुणी बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं." मग ती उठली. "रविवारी चल माझ्याबरोबर. एकदा नीट बघ. टोपी घालून, तिकीट काढून."

रविवारी दोघं गेली. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने हात हलवला. नळाच्या खोलीतून जाताना वेसेलींनी कानावर हात ठेवले. कपाटाच्या दालनात ते रेघेच्या अलीकडे उभे राहिले, सांगितलं नव्हतं तरी. हर्मीनाने त्यांना एका बाजूला नेलं आणि दाखवलं. बरणी काढताना रोज हात लागून लागून कडेचा हिरवा रंग कुठे गेला होता आणि आतलं पिवळं लाकूड कसं उघडं पडलं होतं. एका कडीला बांधलेली सुतळी, फडकं अडकवायला. या गोष्टी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि त्यांना त्यातली एकही आठवत नव्हती. यात कला कुठे होती ते त्यांना अजूनही कळेना. पण ते पाय हलवायला तयार नव्हते.

मग त्यांचं भिंतीवरच्या छोट्या पाटीकडे लक्ष गेलं. चष्मा लावून त्यांनी ती वाचली. कलाकाराचं नाव, वर्ष, आणि खाली कपाट कशाकशाचं बनलंय त्याची यादी होती. देवदार, तैलरंग, पितळ, आणि शेवटी 'बत्तीस वर्षं'.

"बत्तीस वर्षं?" ते म्हणाले. "ही कुणाची?"

"माझी," हर्मीना म्हणाली. मग तिने त्यांच्या दंडात हात घातला. "थोडी तुझीही. पाणी प्यायला यायचास ना तू."